पांगुळगाडा, मणी, माती आणि कात्री : मुलाला थोडं अडवणारी खेळणी

पांगुळगाडा घेताना दुकानात बहुतेक जण एकच गोष्ट करून बघतात. बोटाने ढकलतात आणि तो फरशीवर सुळकन पळाला, की चाकं हलकी आहेत म्हणून खूश होऊन पैसे देतात. घरी दहा महिन्यांचं बाळ दांडी धरून उभं राहतं, पुढे झुकतं, गाडा तसाच सुळकन निघतो आणि बाळ हनुवटीवर आपटतं. दोष असला तर एवढाच, की गाडा नको तितका छान पळतो.

एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'स्नायूंच्या विकासाला उपयुक्त' असं लिहून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी चार इथे सविस्तर घेतल्या आहेत, दोन-तीन जाता जाता. खोक्यावर छापलेलं वय, रंग, डब्यातल्या नगांची संख्या यांना फारसे गुण दिलेले नाहीत. खेळणं मुलाच्या हातापायांना कितपत अडवतं आणि ते अडवणं आपल्याला कमीजास्त करता येतं का, एवढंच पाहिलं आहे. अजिबात न अडवणाऱ्या वस्तूत हाताला काम नसतं. फार अडवणारी वस्तू दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली जाते. किमती मुद्दाम लिहिलेल्या नाहीत, कारण जत्रेतल्या पालात आणि ऑनलाइन दुकानात त्याच वस्तूचा भाव दुप्पट-तिप्पट फरकाने सापडतो.

पांगुळगाडा

रचना सगळ्यांना माहीत असलेली. त्रिकोणी सांगाडा, तीन चाकं, दोन उभे खांब आणि त्यांवर आडवी दांडी. दोन चाकं मुलाच्या बाजूला, एक पुढे. बाजारात मिळणाऱ्या गाड्यांत तीन गोष्टी हमखास चुकतात : वजन, चाकांचा मोकळेपणा आणि दांडीची उंची.

आधी वजन. मूल गाडा ढकलण्याआधी तो धरून उठायचा प्रयत्न करतं, म्हणजे दांडी स्वतःकडे ओढतं. मागच्या आसावर गाडा उलटतो आणि दांडी थेट तोंडावर येते. हिशोब सोपा आहे. गाडा २ किलोचा, त्याचा भार मागच्या आसापासून १५ सेंमी पुढे आणि दांडी जमिनीपासून ४५ सेंमी उंच धरली, तर २ × १५ ÷ ४५, म्हणजे पाऊण किलोपेक्षाही कमी ओढीने गाडा उलटतो. एवढी ओढ आठ महिन्यांचं बाळही सहज लावतं. आता आसापासून २५ सेंमी पुढे, सांगाड्याच्या पाटीवर २ किलो वाळूची किंवा तांदळाची पिशवी सुतळीने आवळून बांधली, तर उलटायला पावणेदोन किलोची ओढ लागते. पिशवी हलता कामा नये. नुसती ठेवली तर पहिल्याच वळणावर घसरते आणि गाडा एका अंगाला कलतो. मुलाची चाल स्थिर होत जाईल तशी दर आठवड्याला अर्धा-अर्धा किलो काढत जायचं.

पिशवी बांधायला जागाच नाही असे गाडे मिळतात, नुसत्या तीन काठ्या आणि चाकं. ते दिवाणखान्यात शोभेला बरे दिसतात, पण चालायला शिकणाऱ्या मुलाच्या हातात देऊ नयेत.

चाकं हा दुसरा मुद्दा. लाकडी चाक मार्बोनाइटच्या गुळगुळीत फरशीवर फिरतही नाही, नुसतं घसरतं. उपाय पंक्चरवाल्याकडे आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची चाकाच्या जाडीएवढी रुंद पट्टी कापायची, चाकाच्या कडेला पॉलिश पेपर मारून खरखरीत करायचं, दोन्हीकडे सोल्युशन लावून ते कोरडं-चिकट होईपर्यंत थांबायचं आणि मग पट्टी ताणून बसवायची. ओलं असतानाच चिकटवली तर दोन दिवसांत सुटते. पट्टीचा जोड तिरका कापावा. सरळ जोडावर गाडा प्रत्येक फेऱ्याला एक उडी घेतो.

तरीही फार पळत असेल तर नट आणि चाक यांच्यामध्ये रबरी वायसर घालून नट थोडा आवळा. हलक्या धक्क्याने गाडा फूटभर जाऊन थांबला पाहिजे. यासाठी घेतानाच चाकं नट-बोल्टवर बसवलेली आहेत ना, ते पाहावं. खिळा ठोकून बसवलेलं चाक आवळता येत नाही आणि खिळा सैल झाला की चाकासकट बाहेर येतो. चाकाचा व्यास निदान १० सेंमी हवा. सहा-सात सेंमीचं चाक उंबऱ्याला सोडाच, पायपुसण्यालाही अडतं. आणि गाडा अचानक अडला की मूल दांडीवरून पुढे जातं.

दांडी मुलाच्या शेवटच्या बरगडीच्या आसपास यावी, कोपर किंचित वाकलेलं राहील अशी. दहा-बारा महिन्यांच्या मुलाला साधारण ४० ते ४५ सेंमी. दांडी खाली असली तर मूल कमरेत वाकून गाड्यामागे धावतं. फार वर असली तर दोन्ही हात उंचावून लोंबकळतं आणि पायांवर भार येतच नाही. जाडी २ सेंमीच्या आसपास : मूठ मिटल्यावर अंगठा बोटांना टेकला पाहिजे. सजावटीची जाड, कोरीव दांडी दिसते छान, पण बाळाच्या मुठीत बसत नाही.

गाडा कधी द्यायचा, याचं उत्तर महिन्यांत नाही. मूल पलंग धरून आपापलं उभं राहतं आणि पलंगाच्या कडेने आडवं सरकतं, तेव्हा द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातली मुलंही होती. निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला आहे. त्यामुळे शेजारचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्यासाठी गाडा आणण्यात अर्थ नाही. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, किंवा वर्षाच्या आतच एक हात सतत वापरून दुसरा मुठीत मिटून ठेवत असेल, तर खेळणं बदलू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते.

गाडा अनवाणी चालवू द्यावा. मोजे घातले की फरशीवर पाय सुटतो आणि जाड तळव्याच्या बुटात बोटांना जमीन लागत नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जिन्याचं दार बंद.

मधोमध बसायची झोळी असलेला गोल प्लॅस्टिकचा वॉकर ही वेगळी वस्तू आहे, नावामुळे गल्लत होते. पांगुळगाड्यात मूल स्वतःचं वजन स्वतः पेलतं. वॉकरमध्ये ते लोंबकळतं, चवड्यांनी जमीन ढकलतं, आणि पायाखाली काय आहे हे समोरच्या ट्रेमुळे त्याला दिसत नाही. वॉकरने मूल लवकर चालतं ही समजूत खोटी आहे, उशीरच होण्याचा संभव जास्त. शिवाय त्याच्या वेगाने जिन्यावरून पडण्याचे अपघात इतके झाले, की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. बारशाला कोणी भेट दिला असेल तर चाकं काढून टाका.

ओवायचे मणी

'मणी ओवण्याचा संच' अडीच-तीन वर्षांच्या मुलाला देतात आणि बहुतेक घरांत पाच मिनिटांत मूल मणी फेकायला लागतं. मूल चंचल आहे, असा निष्कर्ष निघतो. आधी दोरीचं टोक मोजा.

ओवताना काय होतं ते जवळून पाहा. एका हाताच्या चिमटीत मणी, दुसऱ्या हातात दोरी. टोक भोकात जातं. आता मुलाला ढकलणारा हात सोडून पलीकडून डोकावणारं टोक पकडायचं असतं. मणी २५ मिलिमीटर जाड आणि दोरीचं कडक टोक १५ मिलिमीटरचं असेल, तर टोक भोकातच राहतं. मूल हात सोडतं, मऊ दोरी आत दुमडते आणि मणी घरंगळतो. पुन्हा तेच. चूक मुलाच्या बोटांची नाही, संचाची आहे. कडक टोक मण्याच्या जाडीच्या दीडपट तरी हवं, २५ मिलिमीटरच्या मण्याला ४० मिलिमीटर. संचातलं टोक आखूड असेल तर दोरीच्या शेवटच्या ५ सेंमीला सेलोटेप घट्ट गुंडाळा, किंवा तेवढा भाग फेविकॉलमध्ये बुडवून, पिळून, सरळ टांगून रात्रभर वाळवा. फेविकॉलचं टोक आठवड्याभरात तोंडात जाऊन मऊ पडतं, तेव्हा टेपच बरी.

क्रमही महत्त्वाचा. आधी दोरी द्यायचीच नाही. मातीच्या गोळ्यात बोटाएवढी जाड, बोथट टोकाची लाकडी काडी उभी रोवायची आणि तिच्यावर मोठ्या भोकाच्या चकत्या किंवा बांगड्या चढवायला द्यायच्या. काडी हलत नाही, म्हणून एकच हात नेमका चालवावा लागतो. मग तीच काडी मुलाच्या हातात, म्हणजे दोन्ही हात चालू. त्यानंतर जाड बुटाची नाडी आणि शेवटी सुतळी. भोक आणि टोक यांच्यात सुरुवातीला ३ ते ४ मिलिमीटरचा फरक असावा. सवय झाली की फरक कमी करत न्यायचा, मणी लहान करण्याची घाई नको. दोरीच्या दुसऱ्या टोकाला गाठ पुरत नाही, मोठ्या भोकातून गाठ निसटते. तिथे एक मणीच बांधून टाका.

दोरी ३० सेंमीपेक्षा लांब नको. ओवून झालं की मूल ती गळ्यात घालणारच, आणि लांब दोरी खिडकीच्या कडीत अडकू शकते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मण्याच्या मापाबद्दल जरा कडक राहा. खेळण्यांच्या प्रमाणित चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयाला धोक्याची मानतात. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. त्याच्याभोवती अडीच मिलिमीटर जागा सोडून वर्तुळ काढलं की मापाचा अंदाज येतो. म्हणजे २५ मिलिमीटरचा गोल मणीही या नळीत जातो. तो देताना मोठं माणूस समोर बसलेलं असलंच पाहिजे आणि खेळ संपल्यावर मणी मोजून डब्यात गेले पाहिजेत. सागरगोटे, चिंचोके, गुंजा या कारणासाठी चार वर्षांपर्यंत बाजूलाच. गुंजा तर विषारी असतात, त्या कधीच नकोत.

खेळायची माती

डब्यात मिळणारी रंगीत माती दोन जातींची असते. पिठाची मऊ माती आणि तेलाची कडक. दुकानात दोन्हींना 'क्ले' म्हणतात आणि इथेच घोळ होतो. पिठाची माती दोन वर्षांच्या हाताला बरोबर : दाबली की दबते, ठसा उठतो. पण चार वर्षांच्या मुलाला ती फार लवकर ऐकते, तळहाताला काम राहत नाही. तेलाची माती उलट. हिवाळ्यात ती दगडासारखी होते. दोन वर्षांचं मूल ती दाबू शकत नाही आणि दातांनी तोडायला लागतं. डबा उघडून बोटाने दाबून पाहा. अंगठा साध्या जोराने अर्धा सेंमी रुतला तर दोन-तीन वर्षांसाठी, जोर लावून जेमतेम ठसा उठला तर चार-पाच वर्षांसाठी.

पिठाची माती विकत आणायचं खरं तर कारण नाही. १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी, २ मोठे चमचे लिंबाचा रस, १ मोठा चमचा तेल. मीठ कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. तसंच घातलं तर कण राहतात आणि मुलाच्या नखाशी झोंबतात. मग रस, तेल, मैदा घालून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत गोळा कढईची कड सोडतो. तेव्हा उतरवून, कोमट असताना कणकेसारखा मळा. लिंबामुळे माती लवचीक राहते आणि टिकते. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये तीन आठवडे सहज जातात. गोळा हाताला चिकटत असेल तर तो कच्चा उतरवला आहे, आणखी दोन मिनिटं परता. भेगा पडत असतील तर जास्त परतला, हाताला तेल लावून मळा. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं आणि चांगली माती चिकट होते. तवा गरम करून त्याच्यावर मिनिटभर फिरवली की पुन्हा वळणीवर येते.

एक गोष्ट मात्र ठळक लिहायला हवी. 'घरची आहे, पोटात गेली तरी चालेल' हे या मातीबद्दल खरं नाही. वरच्या प्रमाणात चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम गोळ्यात चार ग्रॅमच्या वर मीठ येतं. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं आरोग्य संघटना सांगते. सगळं तोंडात घालण्याच्या वयात मीठ नसलेली साधी कणीकच द्या आणि संध्याकाळी टाकून द्या. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तांदळाच्या पिठीची उकड चालते.

डब्यासोबत येणारे साचे, दाबून शेवया काढायचं यंत्र, प्लॅस्टिकची छोटी सुरी, हे सगळं पहिले दोन महिने बाजूला ठेवा. साचा दाबला की आकार साच्याने केला, हाताने नाही. आपल्या स्वयंपाकघरात याहून चांगला अभ्यासक्रम पडून आहे. तळहाताने लाटी चपटी करणं दोन वर्षांचं मूल करतं. दोन्ही तळव्यांमध्ये वळी लांबवणं अडीच-तीन वर्षांचं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांतच वाटाण्याएवढी गोळी वळणं साडेतीनच्या पुढचं. याच तीन बोटांना पुढे पेन्सिल धरायची असते, म्हणून ती वळताना उरलेली दोन बोटं तळहातात मिटवायला शिकवा. आणि पाच वर्षांच्या मुलाला मोदकाच्या कळ्या द्या. पारी एका हातावर फिरवत दुसऱ्या हाताच्या चिमटीने कळी काढायची, म्हणजे एक हात फिरवतो, दुसरा चिमटतो. करंजीची मुरड त्याहून अवघड, कारण चिमटा आणि पीळ एकाच वेळी. हात वापरायला शिकवणारा इतका चांगला व्यायाम कोणत्याही महागड्या संचात सापडला नाही.

कात्री

लहान मुलांच्या कात्र्या या वर्गात निराश करणारा माल सर्वांत जास्त. पूर्ण प्लॅस्टिक पात्यांची कात्री 'सुरक्षित' म्हणून विकतात. ती माती कापते. कागद तिच्या पात्यांत दुमडतो आणि चावल्यासारखा होतो. मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही, आणि ते दोन्ही हातांनी कात्री ओढायला लागतं. मातीसाठी ठेवायची असेल तर ठेवा. कागदासाठी स्टीलची पाती, गोल टोकं, ५ ते ६ सेंमीचं पातं आणि धातूचा स्क्रू असलेली कात्री लागते.

दुकानात दोन चाचण्या करा. एका कडीला धरून कात्री आडवी करा, दुसरी कडी वर उचलून सोडा. ती धाडकन मिटली तर स्क्रू सैल आहे, कागद पात्यांमध्ये शिरून दुमडेल. अजिबात हललीच नाही तर मुलाच्या बोटांना झेपणार नाही. अर्ध्यावर येऊन थांबणारी घ्या. दुसरी चाचणी वर्तमानपत्राच्या एका पदरावर. टोकापर्यंत सरळ कापलं गेलं पाहिजे. मध्ये कापते आणि टोकाला चघळते अशा कात्र्या पुष्कळ मिळतात, त्यांची पाती टोकाला एकमेकांना टेकतच नाहीत. स्क्रूच्या जागी रिव्हेट असेल तर ती सैल झाल्यावर कात्री फेकावीच लागते.

डावखुऱ्या मुलासाठी वेगळी कात्री लागते, हे दुकानदारालाही अनेकदा पटत नाही. 'दोन्ही हातांना चालते' असं लिहिलेल्या कात्रीत फक्त कड्या सारख्या असतात, पाती उजव्या हाताचीच. डाव्या हाताने ती मिटताना बोटांचा जोर पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, शिवाय वरचं पातं कापायची रेघ झाकतं. कात्री समोर धरल्यावर वरचं पातं डावीकडे असेल तरच ती खरी डावखुरी.

आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री ज्यांच्या हातात ताकद कमी आहे त्यांना उपयोगी. पण कात्री मिटण्यापेक्षा उघडणंच अवघड असतं, आणि ते काम इथे स्प्रिंग करते. महिन्याभरात स्प्रिंग काढता येईल अशीच घ्या.

पहिला कागद कोणता, यावर अर्धं काम अवलंबून आहे. वहीचं पान पातळ असतं, लगेच वाकतं. घरात साठलेल्या लग्नपत्रिका काढा. जाड कागदाच्या दीड सेंमी रुंद पट्ट्या करा, एका कात्रीत एक तुकडा पडेल अशा. साधारण अडीच-तीन वर्षांचं मूल एवढंच करतं आणि खूश असतं. मग ४ सेंमीची पट्टी, म्हणजे कात्री न काढता दोन-तीनदा उघडमीट. मग जाड स्केचपेनची सरळ रेघ, साडेतीन-चारच्या सुमाराला. गोल कापणं साडेचार-पाचला. त्यात कात्री वळवायची नसते, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो, आणि हे कोणी दाखवलं नाही तर मूल मनगट मुरडत बसतं. कोथिंबिरीच्या दांड्या आणि पालकाचे देठ ही कात्रीच्या सरावाची उत्तम सामग्री. कचकन आवाज येतो आणि भाजीही निवडून होते.

अंगठा वर, आभाळाकडे राहिला पाहिजे. कोपर बाहेर उडत असेल तर काखेत घडी केलेला नॅपकिन धरायला सांगा. तो पडला की मुलाला आपोआप कळतं. अंगठ्याच्या कडीवर टिकलीही चिकटवता येते : 'टिकली मला दिसली पाहिजे.'

जाता जाता

बटण दाबलं की गाणं वाजवणाऱ्या पाट्या आणि टॅब्लेट यांच्यात हाताला काम तर्जनीच्या एका दाबाचं. भिंतीला लावायचे 'बिझी बोर्ड' त्यापेक्षा बरे, पण त्यांतली प्लॅस्टिकची कडी बोट लावताच उघडते. सुताराकडून फळीवर खरा कडी-कोयंडा, एक टॉवर बोल्ट आणि दारची साखळी लावून घ्या. स्क्रूची टोकं मागून बाहेर येत नाहीत ना, ते बघून. जुन्या बरण्या आणि त्यांची झाकणं एकत्र मिसळून जोड्या लावायला देणं याला तर पैसेही लागत नाहीत.

लगोरीचे लाकडी संच बहुधा सात चकत्यांचे आणि टेनिसच्या चेंडूबरोबर येतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीनच चकत्या द्या आणि चेंडू मोजे गुंडाळून केलेला. रचणं हा त्याच्यासाठी वेगळा खेळ आहे, फेकणं वेगळा. दोन्ही एकत्र पाच-सहाच्या सुमाराला जमतं. झेलायला १५ ते २० सेंमीचा, अर्धवट हवा भरलेला चेंडू घ्या. पूर्ण फुगवलेला छातीवर आपटून उसळतो आणि मूल डोळे मिटायला शिकतं.

पॅडल नसलेली बॅलन्स सायकल चांगली, पण दोन आकडे तपासा. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकलेले हवेत, म्हणजे सीटची उंची पायाच्या आतल्या मापापेक्षा २ ते ३ सेंमी कमी. आणि सायकलचं वजन मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. बारा किलोच्या मुलाला साडेपाच किलोची लोखंडी सायकल पडल्यावर उचलता येत नाही, मग ती आई-बाबांनीच उचलत फिरायची.

शिक्का आणि रंग

१ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांचं प्रमाण आयएस ९८७३, विजेच्या किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांचं आयएस १५६४४. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून पाहता येतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाखाली नोंदणी झालेली खेळणी यांना यातून सूट आहे. म्हणजे हातकामाच्या लाकडी खेळण्यावर शिक्का नसला तर ते वाईट, असं नाही. पण मग तपासायचं काम आपल्यावर येतं.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी पारंपरिक पद्धतीने लाखेची असतात. चरकावर, म्हणजे लेथवर, फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात. असा थर गुळगुळीत, सलग लागतो, ब्रशचे फराटे दिसत नाहीत. सावंतवाडीला चितार आळीत मिळणारी लाकडी फळं आणि खेळणी दिसायला देखणी, पण त्यांतलं पुष्कळ ब्रशने रंगवलेलं असतं आणि फळं मुळात सजावटीची. तोंडात घालणाऱ्या मुलाला ती देऊ नका, मोठ्या मुलांच्या दुकान-दुकान खेळाला द्या. कोणत्याही रंगीत लाकडावर ओलं पांढरं फडकं अर्धा मिनिट जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर खेळणं परत. मग जुना नायलॉनचा पायमोजा हातात घालून सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे लाकडाचं कुसळ आहे, तिथे पॉलिश पेपर मारावा लागेल.

पांगुळगाड्याच्या बाबतीत पैसे देण्याआधी दुकानदाराला आणखी एक विचारा : सुटं चाक मिळतं का? नट-बोल्टवरचा गाडा दोन-तीन भावंडांना पुरतो, पण पहिलं मूल तो अंगणात नेतं आणि पुढचं चाक सगळ्यात आधी चिरतं. आणताना एक चाक, एक बोल्ट आणि चार वायसर जास्तीचे घेऊन ठेवा.